बिनखरखरीचा रेडिओ

गाडीत रेडिओ ऐकणाऱ्या माणसाला विज्ञान नको असतं. त्याला खरखर नको असते. बावीस वर्षं गाड्यांना सेट बसवून मी एवढं एकच वाक्य शिकलो. बाकीची विद्या नववी नापास झाल्यावर उघड्या सेटांच्या पोटात हात घालून मिळवली, ती कुणी कधी विचारली नाही.

माझं दुकान देवळ्याला, सातकडा घाटाच्या पायथ्याशी. ‘संग्राम कार ऑडिओ’. घाटात सात कडे, म्हणून सातकडा. नाव ठेवणाऱ्यानं डोकं फार शिणवलेलं नाही. वडापवाला असो, टेम्पोवाला असो, डॉक्टर असो, तक्रार एकच. “संगूशेठ, तिसऱ्या कड्यानंतर रेडिओ मरतो.”

मरणारच. एफेमची लहर सरळ रेषेत जाते. तिला वळण घेता येत नाही आणि डोंगर चढता येत नाही. मनोरा इकडे, गाडी कड्यापलीकडे, की मधल्या सावलीत काही पोचत नाही. पोचलंच तर समोरच्या खडकावर आपटून, उशिरा. मग एकाच आवाजाच्या दोन प्रती एरियलवर येतात, एक सरळ आणि एक आपटून आलेली. दोघी एकमेकींना खातात. गाडी चार फूट पुढे गेली की पुन्हा जुळतात, अजून चार फुटांवर पुन्हा खातात. ती खरखर म्हणजे ही मारामारी. मी लांब एरियल विकले, बूस्टर विकले. बूस्टर आवाज मोठा करतो तशी खरखरही मोठी करतो, हे मला ठाऊक होतं. गिऱ्हाइकाला नव्हतं. धंदा असाच चालतो.

मग ‘अखंड’ आला.

पुण्याहून कंपनीचा माणूस तो घेऊन आला. कडक इस्त्रीचा शर्ट, तोंडात सारखं ‘बेसिकली’. त्यानं सेट टेबलावर ठेवला आणि विचारलं, “तुमच्या घरी कुणी तीच तीच गोष्ट सांगणारं म्हातारं माणूस आहे का?”

“आत्या होती.”

“ती गोष्ट सांगता सांगता खोकली, तर मधला शब्द तुम्हाला कळायचा?”

“शब्द काय, खोकला कुठं येणार तेही कळायचं, इतकं पाठ होतं.”

“मग झालं. हा सेट तेच करतो. आठवडाभर ऐकतो. कोण बोलतंय, कसं बोलतंय, कशानंतर काय बोलतंय. लहर तुटली की तुटलेला तुकडा त्याच आवाजात स्वतः भरतो. सगळा आवाज तो तीन सेकंद उशिरा ऐकवतो, म्हणजे पुढचं टोक बघून सांधा नीट बसतो. तुम्हाला जोड सापडणार नाही.”

मला सापडला नाही. आणि मी कानाचा माणूस.

दोन गोष्टी त्यानं बजावून सांगितल्या. एक, भरणीची मर्यादा दोन सेकंद. त्यापेक्षा मोठं भोक पडलं तर सेट गप्प बसेल, तसंच राहू द्या. आतल्या मेनूत ती नव्वद सेकंदांपर्यंत जाते, पण ते चाचणीसाठी आहे. दुसरी, सेट स्वतःचं भरत असेल तेव्हा कोपऱ्यात पिवळा दिवा लागतो. “हा दिवा महत्त्वाचा. दिवा लागलाय म्हणजे आत्ताचं बोलणं रेडिओचं नाही, सेटचं आहे.” मी कागदावर सही केली.

पहिले दहा सेट विकले आणि आठवड्यात सात परत आले.

“शेठ, दिवा लागतोय. पीस खराब आहे.”

“खराब नाही, तो भरतोय म्हणून—”

“आता नवीन गाडीत दिवा लागला म्हणजे खराबच की. इंजिनाचा लागतो, तेलाचा लागतो, कधी चांगलं सांगायला लागलाय का दिवा?”

दुसरा म्हणाला, “आणि मधीच गप का बसतो? जुना निदान खरखरत तरी होता.”

त्यांना समजावत बसलो असतो तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात गेलं असतं. मी काळी चिकटपट्टी आणली. नखाएवढा तुकडा, दिव्यावर. आणि मर्यादा दोनावरून नव्वदावर. त्यानंतर एकही सेट परत आला नाही. घाटातल्या सहाशेचाळीस गाड्यांना मी तो तुकडा चिकटवला. माझ्याच बोटांनी.

माझी धाकटी बहीण योगिता घाटाच्या रेडिओवर बोलायची. ‘घाटवाणी’ केंद्र, तहसील कचेरीच्या मागच्या दोन खोल्या. घाट रुंद करायचं काम सुरू होतं, चौथ्या कड्याला रोज सुरुंग लागायचे, दुपारी चार ते पाच. वर तांबेवाडीत मोबाईलची रेंज नाही. टॉवर दोन वर्षं मंजूर होता, म्हणजे कागदावर उभा होता. त्यामुळे घाटाला कान एकच, योगिता. अकरा वर्षं ती दर तासाला सांगायची कुठं दरड, कुठं धुकं, कुठला रस्ता मोकळा. लोक घड्याळ तिच्यावर लावायचे.

एकदा ती डबा घेऊन दुकानात आली, तेव्हा मी तिला गाडीत बसवून अखंड ऐकवला. दुपारच्या बातम्यांचं पुनःप्रसारण चालू होतं. तिचा आवाज. मी मागून एरियलची वायर उपसली. आवाज चालूच राहिला. “...तिसऱ्या कड्यावर वाहतूक संथ आहे. दुधाच्या गाड्यांनी उजव्या बाजूनं जावं...”

योगिता आधी हसली. मग हसू थांबलं. “दादा, हे मी नाही बोलले.”

“नसशील. पण बोलली असतीस की नाही?”

तिनं विचार केला. “बोलले असते.”

“मग काय बिघडलं?”

तिनं मला वायर परत जोडायला लावली. मला मात्र प्रश्नच पडला नव्हता. त्या भाऊबीजेला ओवाळणी म्हणून मी तिच्या सासरच्या, तांबेवाडीच्या गाडीला अखंड बसवला. तिचा नवरा, जालिंदर दाजी, स्टिअरिंगवर ताल धरून म्हणाला, “पाव्हणं, आता घरात बी हीच, गाडीत बी हीच. सुटका न्हाय माझी.” सगळे हसलो. तिची सासू आक्का सगळ्यांत जास्त हसली.

एका मंगळवारी मंत्री येणार होते. रुंद झालेल्या तुकड्याची पाहणी, चार वाजता, कॅमेरे घेऊन. चारला सुरुंग लावता येईना, म्हणून सुरुंग दुपारी एकला ठरला. वरची चौकी बंद, खालची बंद. पण तांबेवाडीचा फाटा दोन चौक्यांच्या मध्ये लागतो. तिथं एरवी लाल झेंडा घेऊन माणूस उभा असतो. त्या दिवशी त्याला मंत्र्यांच्या रस्त्याला चुना मारायला नेलं होतं.

उरला रेडिओ. योगितानं बाराला सांगितलं, बारा वीसला सांगितलं, बारा चाळीसला सांगितलं. “आज सुरुंग चार वाजता नाही, एक वाजता आहे. तांबेवाडीकरांनी एक ते दोन गाडी काढू नये.”

तांबेवाडी पाचव्या कड्याच्या सावलीत आहे, लहर तुटत तुटतच येते, आणि दारातल्या गाडीचाच रेडिओ अख्खं घर ऐकतं. तिनं तीनदा सांगितलं आणि वाडीतल्या प्रत्येक सेटनं तीनदा भरून घेतलं. भरलं काय? जे ती रोज सांगते ते. ‘आज सुरुंग चार वाजता आहे.’

ह्यात बिघाड काहीच नाही, हे नीट समजून घ्या. पुढं काय येईल ह्याचा अंदाज बांधणारं यंत्र रोजचंच सांगणार. आणि बातमी म्हणजे तर जे रोजचं नाही ते. बातमी जितकी मोठी, तितकी ती यंत्राला अशक्य वाटते. साधी खरखर निदान कबूल करायची की मला ऐकू येत नाही.

बारा पन्नासला दाजी आक्काला डोळ्याच्या डॉक्टरकडं घेऊन निघाले. सोबत शेजारचे सुदाम तात्या. चौथ्या कड्याखाली गाडी आली आणि वरून कडा आला. दाजींचा हात मोडला. तात्यांना खरचटलं. आक्काच्या बाजूला दगड पडला होता. तिला बाहेर काढायला तीन तास लागले. मंत्र्यांची पाहणी रद्द झाली, ते वाईट वाटून परत गेले.

दवाखान्याच्या व्हरांड्यात दाजी गळ्यात हात अडकवून बसले होते. योगिता धावत आली. ते उठले नाहीत.

“चार म्हणालीस तू.”

“एक म्हणाले. अहो, तीनदा सांगितलं.”

“मी काय बहिरा हाय? बारा वर्षं संसार केलाय. तुझा आवाज मला वळकत न्हाय होय?” ते तिच्याकडं न बघता तात्यांना म्हणाले, “तात्या, काय म्हणाली ओ ही?”

तात्या खोटं बोलणारा माणूस नाही. त्यांनी मान खाली घातली. “चारच म्हणाली, पोरी.”

संध्याकाळपर्यंत वाडीत एक वाक्य तयार झालं. सुनेनं रेडिओवरनं सासू मारली. कुणी रचलं माहीत नाही. चांगलं जमलं होतं, म्हणून सगळ्यांनी वापरलं.

केंद्राकडं तिच्या बोलण्याची ध्वनिफीत होती. त्यात स्वच्छ ‘एक वाजता’. पण कायदा चार वर्षांपूर्वी बदलला होता. कुणीही कुणाच्याही आवाजात काहीही बनवतो, म्हणून ध्वनिफीत पुरावा राहिली नव्हती. पुरावा म्हणजे जिवंत माणसाचा कान. खाली देवळ्यात वाडीकरांसाठीची सूचना कुणी लक्षात ठेवली नव्हती; फौजदार लोखंड्यांनी वाडीत अकरा कान नोंदवले. अकराही म्हणाले, चार. त्यातले अकराही माझे गिऱ्हाईक.

तिसऱ्या दिवशी फौजदार दाजींच्या चेपलेल्या गाडीतला सेट पिशवीत घालून माझ्याकडं आले. तालुक्यात अखंड उघडता येणारा मी एकटा. “बघा शेठ, नीट चालत होता का. तुमच्या बहिणीचंच प्रकरण आहे, मला कळतंय, पण दुसरा माणूस नाही. लेखी द्या.” शिपायाला बाहेर बसवून ते चहाला गेले.

मी सेटला वीज दिली, आतला मेनू उघडला. सेट सगळं लिहून ठेवतो. कधी ऐकलं, कधी भरलं. बारा वाजताचं भरलेलं. बारा वीसचं भरलेलं. बारा चाळीसला एक गंमत झाली होती. लहर कुठून तरी आपटून वाडीत पोचली होती. फाटकी, पण पोचली होती. पडद्यावर ओळ होती:

‘आलेला शब्द: एक. विश्वास: अकरा टक्के. खरखर समजून काढला. भरलेला शब्द: चार.’

माझ्या बहिणीचा खरा आवाज त्या डोंगरातून रांगत त्या गाडीपर्यंत गेला होता. आणि मी बसवलेल्या पेटीनं त्याला दारातून हाकललं होतं.

ती एक ओळ फौजदारांना दाखवली असती की योगिता सुटली असती. पुढचा प्रश्न मग आला असता, मर्यादा नव्वदावर कुणी नेली? दिव्यावर पट्टी कुणी लावली? कंपनीच्या कागदावर सही माझी. सहाशेचाळीस गाड्या. मनुष्यवध.

माझी पोरगी बारावीला होती, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं. खोटं. पोरीचा त्या अर्ध्या तासात मला एकदाही विचार आला नाही. मी भ्यालो. एवढंच आहे ते.

मेमरी कोरी करायला तीन बटणं एकदम दाबावी लागतात.

फौजदार परत आले. “काय?”

“मेमरी दगडानं गेली साहेब. पण सेट नीट आहे. काही बिघाड नाही.”

बिघाड नव्हताच. लिहून दिलं, सही केली. माझ्या सह्या छान येतात.

पुढच्या रविवारी तांबेवाडीत मोफत सर्व्हिसिंगचं शिबिर लावलं. प्रत्येक गाडीचा सेट पुसला, प्रत्येक मेमरी कोरी केली. लोकांनी नारळ दिला. म्हणाले, बहीण तशी निघाली, पण भाऊ माणुसकीचा.

योगिता दुकानात आली ती सकाळी अकराच्या सुमाराला. वाडीतून तिला बाहेर काढलं होतं. तिची सात वर्षांची मुलगी सई दाजींकडंच ठेवून घेतली होती. ‘आजीला मारणारीकडं पोर द्यायचं नाय’ म्हणून. योगिता गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसली. वजन गेलं होतं. आवाज मात्र तसाच, बातम्यांचा.

“दादा, तुला एक विचारते. वकील म्हणतोय, सेटात काही असलं तरच सुटका. तू उघडलास ना. काही होतं का?”

“काही नव्हतं.”

“नीट बघितलंस?”

“मी बावीस वर्षं हेच करतोय, योगे.”

तिनं मान हलवली. “अकरा माणसं खोटं कशाला बोलतील? तात्या कशाला बोलतील? ह्यांचं सोड, रागात असतील. पण तात्या...” ती थांबली. “मला ‘एक’ म्हटल्याचं आठवतंय. पण मी ते इतक्यांदा आठवलंय, की आता म्हटलेलं आठवतंय का आठवलेलं आठवतंय, तेच कळेना. तू सांग. मी चार म्हणाले असेन का?”

हे तिनं मला विचारायला नको होतं. ती गप्प घरी गेली असती तर मी निदान नुसता भित्रा राहिलो असतो.

“म्हणाली असशील,” मी म्हणालो. “सकाळपासनं मंत्र्यांच्या दौऱ्याचं वाचत होतीस. दमलेली. जिभेला सवय असते बघ. रोज चार, रोज चार. डोळ्यांनी एक वाचलं असशील आणि जीभ रोजचंच बोलली असेल.”

सेटचा गुन्हा मी शब्दाला शब्द लावून तिच्या तोंडात बसवला. नीट बसला. जोड सापडला नाही.

“तीनदा?” तिनं विचारलं.

“एकदा बसलं की बसतं.”

ती रडली नाही. उलट मोकळी झाल्यासारखी दिसली, ते मला जास्त लागलं. म्हणाली, “बरं झालं तू सांगितलंस. दुसऱ्या कुणाचा विश्वास नसता बसला.” माझ्यासाठी आणलेला डबा परत घेऊन गेली. आत चटणी होती, ती काढून ठेवून.

कोर्टात तिनं गुन्हा कबूल केला. माझी चूक झाली, माझ्या हातून आक्का गेल्या. न्यायाधीशांनी दोन वर्षं सुनावली आणि चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडून दिलं. दाजींनी मोठेपणानं तिला परत नांदायला नेलं, अट एकच घालून, पुन्हा तोंड माईकपुढं न्यायचं नाही. गावानं दाजींचा शाल देऊन सत्कार केला. ह्या देशात बायकोला माफ करणाऱ्या नवऱ्याला शाल मिळते. माफी कशाची हे कुणी बघत नाही.

केंद्र बंद झालं. चौकशी समितीनं लिहिलं, मानवी चूक. मग माणूसच काढून टाकायचं ठरलं. घाटाच्या बातम्यांचं कंत्राट कंपनीला मिळालं. आता मनोऱ्याची गरज नव्हती, लहरीचीही नव्हती. सेट गाडीतल्या गाडीत घाटाचा अंदाज घेतो, दर तासाला बातम्या देतो. नव्या सेटला मर्यादा नाही आणि दिवा तर मुळात नाहीच. आवाज कुठला ठेवायचा ह्यावर त्यांनी पाहणी केली. घाटातल्या शंभरातल्या ब्याण्णव लोकांनी योगिताचा मागितला. ‘सवयीचा आहे’ म्हणून. तिनं कागदावर सही करून दिला. फुकट. आक्काच्या जिवाची भरपाई समजा, म्हणाली.

नवे सेट बसवायचं काम मलाच मिळालं. तालुक्यात दुसरा माणूस नाही.

आक्काच्या वर्षश्राद्धाला सगळे आदल्या दिवशी देवळ्याला माझ्याकडं उतरले आणि तिथून आम्ही घाटापलीकडच्या संगमावर निघालो. दाजी गाडी चालवत होते, शेजारी योगिता, मागं मी आणि मांडीवर सई. दुपारचे बारा वाजत आलेले, स्वच्छ ऊन. दोन दिवस पाऊस होऊन गेलेला. तिसरा कडा ओलांडला तशी योगिता खिडकीतून वर बघायला लागली. अकरा वर्षं घाटाच्या बातम्या दिलेली बाई. दरडीच्या आधी कडा कसा दिसतो ते तिला दुरूनच कळतं.

“अहो,” ती हळू म्हणाली. “गाडी थांबवा जरा.”

“का?”

“कड्यातनं पाणी येतंय. काल नितळ होतं, आज गढूळ आहे. आणि ते बघा, बारीक खडे घरंगळतायत. आतनं माती सुटली की असं होतं. अर्धा तास थांबूया.”

मी काच खाली केली. खडे दिसत होते. भाताच्या शितांएवढे, मग चिंचोक्याएवढे. पाणी चहाच्या रंगाचं.

तेवढ्यात बारा वाजले आणि सेट बोलायला लागला. योगिताच्या आवाजात. वर्षापूर्वीचा, न थकलेला, कधी कोर्टात न गेलेला आवाज. “नमस्कार, घाटवाणी. सातकडा घाटातली वाहतूक—”

“अहो, ऐका माझं—”

“गप जरा,” दाजींनी आवाज वाढवला. “तू काय म्हणतेस ते ऐकू दे.”

“—सुरळीत आहे. चौथा कडा मोकळा आहे. प्रवास सुखाचा होवो.”

योगितानं मागं वळून माझ्याकडं बघितलं. ती मदत मागत होती. सेटचा माणूस मी. मी एक शब्द बोललो असतो तर दाजींनी ब्रेक मारला असता. पण तो एक शब्द बोलायचा म्हणजे त्याच्या मागचे सगळे बोलावे लागले असते, आक्कापर्यंतचे. सई माझ्या मांडीवर होती. तिच्या केसांना तेलाचा वास येत होता. मी काच वर केली.

गाडी चौथ्या कड्याखाली शिरली. टपावर दोन खडे वाजले. सईनं माझा अंगठा घट्ट धरला. मग ऊन आलं. पाचवा कडा. वरून काही पडलं नव्हतं.

दाजी हसले. पूर्वी हसायचे तसे, मोकळे. त्यांनी एक हात स्टिअरिंगवरून काढून बायकोच्या गुडघ्यावर थोपटला.

“बघ,” ते म्हणाले. “बरोबर सांगत हुतीस की तू.”

योगिता समोरच्या सेटकडं बघत होती.

“हो,” ती म्हणाली.